कुंभकर्णाची देखभाल

बसून चालवायच्या गवतकापणी गाडीचं इंजिन कामाने क्वचितच मरतं, ते मरतं विश्रांतीने. ओहायोसारख्या थंड राज्यात नोव्हेंबरच्या सुमारास शेवटचं गवत कापलं, की ही गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात जाऊन बसते ती एप्रिलपर्यंत हलत नाही. थोडक्यात, कुंभकर्णाचं वेळापत्रक. फरक इतकाच, की कुंभकर्ण ढोल-नगाऱ्यांनी उठत असे. हिला उठवायला शेजाऱ्याच्या मोटारीची बॅटरी, जंपर केबल, नवा प्लग आणि बऱ्याचदा दोन भाषांतल्या शिव्या लागतात.

आणि उठवावं तर लागतंच. इथे घर घ्यायचं म्हणजे गवतही पदरात पडतं. पुष्कळ गावांत गवत आठ-दहा इंचांच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. तरी हलला नाहीत तर पालिकेचा माणूस येऊन गवत कापतो आणि मागोमाग बिल येतं. त्याआधी गल्लीतले लोक कुत्रा फिरवायला म्हणून तुमच्या अंगणासमोर जरा जास्तच वेळ रेंगाळतात. गवत कापलं नाही तर नाक कापलं जातं.

बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा या सगळ्या प्रकाराने चक्रावले. "एवढ्या गवतावर दोन म्हशी सहज निघाल्या असत्या," हे त्यांचं पहिलं मत. कापलेलं गवत कागदी पिशव्यांत भरून लोक रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि पालिकेची गाडी ते फुकट घेऊन जाते, हे पाहिल्यावर तर ते काही वेळ बोललेच नाहीत. पण त्यांची उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेलेली. गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. अमेरिकेत आल्यापासून त्यांना समजेल अशी ही पहिलीच गोष्ट होती.

या इंजिनाची मेहनत वरवर दिसत नाही. मोटारीचं इंजिन सिग्नलला दम खातं, उतारावर सुस्तावतं. याला ती चैन नाही. गव्हर्नर नावाचा मुकादम त्याला मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांवर धरून ठेवतो, मग गवत विरळ असो की दाट. म्हणजे तासाला २ लाख १६ हजार फेऱ्या, आणि हंगामात चाळीस तास गाडी चालली तर ८६ लाखांच्या वर. रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरवरच्या पात्यांमधून पंखा जी हवा फेकेल तीच काय ती थंडाई. ऑइल अगदी बेताचं, दीड-दोन लिटर. तरीही वेळेवर ऑइल बदललं, एअर फिल्टर झटकला, तर ही इंजिनं वर्षानुवर्षं तक्रार करत नाहीत. मध्यंतरी ऑइल कधीच बदलायचं नाही, कमी झालं तर फक्त भर घालायची, अशी इंजिनंही बाजारात आली. मला ती कल्पना काही पटली नाही. काळं ऑइल डब्यात उतरताना पाहिल्याशिवाय आपण काही केलं असं वाटतच नाही.

खरा घात होतो तो झोपेत. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्के इथेनॉल असतं, ते मक्याचं. तुम्ही तिकडे भारतात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलच्या नावाने बोटं मोडता, त्यातलं इथेनॉल उसाचं आणि मक्याचंही, गुण तोच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा फार झाला की ते पाण्याला धरून पेट्रोलपासून फारकत घेतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. शिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या बारीकशा जेटमध्ये चिकट होऊन वाळतं. वसंतात पक्षी गातात, ट्युलिप फुलतात आणि गल्लीगल्लीतून लोक गॅरेजच्या दारात पालथे पडून कार्बोरेटर खोलताना दिसतात. यावरचा उपाय बाटलीत मिळतो. पेट्रोल टिकवणारं द्रव्य टाकीत ओतायचं आणि ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचावं म्हणून इंजिन काही मिनिटं चालवायचं. बाटली स्वस्त असते. तरीही ती ओतायचं लक्षात येतं ते एप्रिलमध्येच.

दुसरा घात उंदरांचा. इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाखाली ऊब असते, आडोसा असतो आणि वाळलेलं गवत आयतंच असतं. आमच्या शेजाऱ्याने एकदा ते आवरण काढलं, तर सिलिंडरच्या पात्यांमध्ये गवत, कपडे वाळवायच्या यंत्रातला करडा कापूस आणि ख्रिसमसच्या कागदाचे चकचकीत तुकडे असं व्यवस्थित विणलेलं बाळंतघर. गणपतीचं वाहन आमच्याच वाहनात मुक्कामाला, म्हणून मला कौतुक वाटलं. शेजाऱ्याला वाटलं नाही. हवेची वाट बंद झालेली असताना असं इंजिन चालवलं, तर ते तापून कामातून जातं.

पण मला सगळ्यात आवडतो तो टॅपेटचा किस्सा. किल्ली फिरवली की सेल्फ घुर्र करतो, अर्धा फेरा घेतो आणि अडतो. शंभरातले नव्वद लोक म्हणतात, बॅटरी उतरली. नवी बॅटरी आणतात, तीही अडते. मग सेल्फ बदलतात. दोष मात्र भलतीकडेच असतो. सुरू होताना इंजिनाला सोपं जावं म्हणून कॅमशाफ्टवर एक लहानशी युक्ती केलेली असते. ती व्हॉल्व्ह जेमतेम उचलून धरते, म्हणजे कोंडलेली हवा थोडी सुटते आणि सेल्फला जोर कमी लागतो. टॅपेटमधली फट वाढली की ती युक्ती व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. मग सगळा दाब बिचाऱ्या सेल्फच्या अंगावर. फट असायला हवी जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या आसपास.

आमच्या गाडीने असं केलं तेव्हा शेजारी आले. निवृत्त मेकॅनिक, बोलणं मोजकं. त्यांनी वरचं झाकण खोललं, पिस्टन वर आणून किंचित खाली उतरवला आणि खिशातून फट मोजायचं पातळ पात्यांचं फिलर गेज काढलं. बाबांनी ते गेज त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. पाती फटीत सरकवली, ओढली, मान हलवली. नट पाव फेरा आवळला, पुन्हा ओढली. "पाती जरा अडली पाहिजे, पण फाटता कामा नये," असं ते मराठीत म्हणाले. शेजाऱ्यांनी इंग्रजीत हुंकार दिला. अर्धा तास दोघांच्या तोंडून एकही पूर्ण वाक्य आलं नाही, मी दुभाषा म्हणून नुसताच उभा. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाबांनी त्या संध्याकाळी सांगलीला फोन करून ही बातमी तिघांना कळवली.

या इंजिनांवर किती भरवसा ठेवावा, याची सगळ्यात प्रसिद्ध परीक्षा १९९४ साली झाली. आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावच्या आल्व्हिन स्ट्रेट यांना विस्कॉन्सिनमधल्या आजारी भावाला भेटायचं होतं. वय ७३, नजर अधू म्हणून मोटारीचा परवाना नाही. म्हणून ते गवतकापणी गाडीलाच ट्रेलर जोडून निघाले. गाडी १९६६ सालची जॉन डिअर, वेग ताशी आठ किलोमीटर, अंतर २४० मैल. म्हणजे आपलं पुणे ते सावंतवाडी धरा. वाटेत गाडी बंद पडली; प्लग, पॉइंट, स्टार्टर असा बराच खर्च झाला. पुढे पैसे संपले म्हणून पेन्शनचा चेक येईपर्यंत थांबावं लागलं. सहाएक आठवड्यांनी भावाचं घर दोन मैलांवर आलं, तेव्हा गाडीने पुन्हा मान टाकली आणि एका शेतकऱ्याच्या मदतीने ती ढकलत न्यावी लागली. डेव्हिड लिंचने १९९९ मध्ये यावर चित्रपट काढला. लोक त्यात भावाभावांचं प्रेम पाहून रडतात. बाबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "निघण्यापूर्वी सर्व्हिसिंग करून घ्यायला हवं होतं."

आता आमच्या गल्लीत एकाने बॅटरीवर चालणारी गाडी घेतली आहे. तिला प्लग नाही, फिल्टर नाही, कार्बोरेटर नाही. एप्रिलमध्ये बटण दाबतो आणि निघतो. शेजारी आणि मी कुंपणाजवळ उभे राहून बघतो. गेल्या शनिवारी तो मुद्दाम थांबला, हात केला आणि गाडी कशी छान चालते ते सांगू लागला. शेजाऱ्यांनी सवयीने विचारलं, "ऑइल कुठलं घालतोस?" तो हसला. मग आम्ही तिघंही हवामानाबद्दल बोललो.