लॉक तुम्ही काढलंत, भरपाई कोण देणार?

प्रति,
बॅटरीवरच्या स्कूटरचं स्पीड लॉक काढून ती शिकवणीच्या पोरांना विकणारे दुकानदार,
लातूर आणि नांदेड

दुकानदार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे आणखीही आहेत. हे पत्र आपल्यालाच आलं आहे, असं त्या प्रत्येकाने समजावं. नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुमचं गिऱ्हाईक कोण, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. निलंग्याहून, अहमदपूरहून, मुखेड-कंधारहून पोराला अकरावीला आणि ‘नीट’च्या तयारीला शहरात ठेवणारा बाप. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात त्याने खोली बघितलेली असते, मेस लावलेली असते, क्लासची फी भरून खिसा रिकामा झालेला असतो. पोराची पायपीट वाचावी म्हणून तो तुमच्या दुकानाची पायरी चढतो. तुम्ही त्याला सांगता : लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. बापाला ते पटतं. मग पोरगं विचारतं, ‘पळते किती?’ आणि तुम्ही म्हणता, ‘बिलावर पंचवीस आहे, लॉक काढून देतो, पन्नासला जाईल.’ सीट उचलली जाते, कंट्रोलरपाशी हात जातो आणि चहा संपायच्या आत काम होतं.

तुमचा गुन्हा इथे घडतो. रस्त्यावर नंतर जे होतं ते त्याचं फळ आहे.

सवलत कशासाठी आहे, तेही ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 2(यू)प्रमाणे बॅटरीवरच्या दुचाकीला मोटार वाहन न मानण्याच्या अटी ठरलेल्या आहेत. मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत हवं. योग्य ब्रेक हवेत, रिफ्लेक्टर हवेत. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने हे तपासलेलं हवं. या सगळ्या अटी एकत्र पाळल्या, तरच नोंदणी, परवाना आणि विमा माफ. अशी हळू चालणारी गाडी वाईट नाही. म्हाताऱ्या माणसांना, बायकांना, कॉलेजच्या पोरींना तिने मोठा आधार दिला आहे. तुम्ही या चांगल्या सवलतीच्या आडून वेगळाच माल विकता.

लॉक निघालं की सवलत संपली. ती गाडी कायद्याने मोटार वाहन झाली. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नोंदणी लागते, कलम 3 प्रमाणे परवाना लागतो, कलम 146 प्रमाणे त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो. यातलं एकही नसताना ती तुमच्या दारातून बाहेर पडते. तिला एमएच 24 नाही, एमएच 26 नाही. ठोकर देऊन निघून गेली, तर लक्षात ठेवायला नंबरच नसतो.

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतरही जवळपास चौपट होतं. तुम्ही वायर सोडवता, पण ब्रेक मात्र पंचविसाच्या हिशेबाचेच ठेवता. त्यात बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो. मागून काय येतंय हे चालणाऱ्या माणसाला कळतच नाही.

माझ्या आत्यालाही कळलं नाही. ती ट्यूशन एरियात पोरांची मेस चालवते. संध्याकाळी डबे पोचवून परत येताना मागून धडक बसली. पडताना तिने उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लेट टाकली, हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. ज्वारीच्या भाकरीला पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळावं लागतं, मग थापताना गोळा परातीत फिरवत कडेने पातळ करावा लागतो. ते सगळं काम मनगटाचं आहे. आता ती डाव्या हाताने थापायला बघते, भाकरी मध्येच फाटते. भाकरीसाठी बाई लावावी लागली आणि मेसमध्ये जे काही सुटत होतं, ते त्या बाईच्या पगारात जातं.

त्या पोराबद्दल मला राग नाही. तो पळून गेला नाही. रडत रडत त्यानेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्याचा बाप आला. विम्याचा कागद विचारला, तर त्याने तुमचं बिल पुढे केलं. आम्ही सगळे तुमच्याकडे आलो. तुम्ही बिलावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, ‘ही गाडी मोटार वाहनच नाही, आमचा काय संबंध?’ करून सवरून नामानिराळं कसं राहायचं, ते त्या दिवशी मी तुमच्या काउंटरवर बघितलं.

संबंध कसा आहे, ते आता ऐका.

मोटार वाहन कायद्याचं कलम 182-अ विक्रेत्यांनाही लागू आहे. नियमांत न बसणारं वाहन विकणाऱ्या किंवा त्यात फेरफार करणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड एका गाडीमागे आहे, हे विसरू नका. मे 2022 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी अशा बेकायदा फेरफारांवर कारवाईचे आदेश राज्यभरातल्या आरटीओंना दिले होते. त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

भरपाईचा भार कुणावर पडतो, तेही बघा. जखमी माणूस कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं की, अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का जसाच्या तसा धरायचा नाही. त्या इजेने त्या माणसाच्या कमाईत किती घट झाली, हे बघायचं. ऑफिसात बसणाऱ्याचं मनगट आणि भाकरी थापणारीचं मनगट कायद्यापुढे सारखं नाही. उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, पुढची कमाई, सोसलेलं दुखणं, हे सगळं त्यात येतं. विमा असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. तुम्ही तो काढू दिला नाहीत, म्हणून ती गाडीमालकाच्या, म्हणजे त्या बापाच्या माथी येते. त्याने भरली नाही, तर कलम 174 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे सोयाबीनच्या शेतापर्यंत, सातबाऱ्यापर्यंत. पोरगं अठराच्या आतलं असेल, तर कलम 199-अ प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पोराला डॉक्टर करायला निघालेल्या बापाच्या हातात तुम्ही हे सगळं ठेवलंत आणि त्याच्याकडून त्याचे पैसेही घेतलेत.

तुमचं ते एक वाक्य जखमीच्या मुळावर येतं. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे : मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. ‘ही मोटार वाहनच नाही’ हे तुमचं म्हणणं पोलिसांनी खरं मानलं, तर हा आधारही निसटतो. न्यायाधिकरणाचं दारही बंद होतं आणि उरतो तो वर्षानुवर्षं चालणारा दिवाणी दावा.

पण तुम्हाला टाळता येणार नाही असं एक कलम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 86. विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि तो बदल हानीचं मुख्य कारण ठरला, तर त्या हानीची जबाबदारी विक्रेत्याची. नेमकी तुमचीच गोष्ट आहे ही. गाडी घेणारा बाप ग्राहक आहे. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहेत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझी आत्या तुमची ग्राहक नाही, म्हणून तिला त्या दारातून जाता येत नाही. मात्र निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात तुम्हाला प्रतिवादी करायला तिला कुणी अडवू शकत नाही.

म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. ज्याला अशा गाडीने धडक दिली, त्याने गाडी पोलिसांच्या ताब्यात जाईल हे बघावं. पंचनाम्यात कंट्रोलर आणि मोटरवरच्या लेबलची नोंद घ्यायला लावावी, फोटो काढावेत, आरटीओकडून तपासणी करून तिचा खरा वेग कागदावर आणावा. बिलाची प्रत सांभाळावी. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा. एकदा खरा वेग कागदावर आला की तुमच्या बिलावरच्या ‘पंचवीस’ला किंमत उरत नाही. तेच बिल तुमच्याविरुद्धचा पुरावा होतं.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. आजवर लॉक काढून दिलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला फोन करा, गाडी परत बोलवा आणि स्वतःच्या खर्चाने ती पंचविसाच्या आत आणा. ज्याला खरंच पन्नासची गाडी हवी आहे, त्याला नंबर, विमा आणि परवाना लागणारी गाडीच द्या आणि हे त्याच्या बापासमोर सांगा. आणि तुम्ही काढलेल्या लॉकमुळे ज्यांची हाडं मोडली, त्यांच्या भरपाईतला तुमचा वाटा कोर्टाची पायरी चढायच्या आधी भरा.

हे केलं नाहीत, तर त्या पोराचा बाप आणि माझी आत्या दोघंही तुमच्याविरुद्ध उभे राहतील. एक ग्राहक आयोगात, एक दिवाणी न्यायालयात. दोघांचे कागद तयार आहेत.

ट्यूशन एरियातल्या मेसवालीचा भाचा
लातूर