थेंबे थेंबे रत्नागिरी

उसाच्या हंगामात कोल्हापूर-रत्नागिरी एसटीत खिडकीची जागा मिळणे हे भाग्य की भोग, हे बांबवड्याच्या आसपास कळते. दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेला एक ट्रॅक्टर आमच्या गाडीला खेटून गेला आणि जाता जाता उसाच्या एका पाल्याने माझ्या उजव्या डोळ्यात डोकावून पाहिले.

डोळ्याला लागलेल्या माणसाला एसटी एकटे सोडत नाही. मागच्या मावशींनी पदराचा बोळा करून त्यावर ऊन फुंकर घातली. कुणी गुलाबपाणी सुचवले, कुणी मध. एका पैलवानाने जिभेने कचरा काढून देण्याची तयारी दाखवली. ती मी घाईघाईने नाकारली. कंडक्टर तेवढा शहाणा निघाला. "पावणं, डोळा चोळू नगासा. पाला न्हवं त्यो, करवत हाय करवत!" पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितले, पण फी घेऊन.

आंबा घाट सुंदर आहे, असे बायकोकडून कळले. "अहो, दरी बघा!" ती म्हणायची. पण चांगला डोळा वळला की दुखराही त्याच्यासोबत वळतो, म्हणून मी दोन्ही मिटून बसलो होतो. सह्याद्री मला पोटातल्या वळणांवरून समजला.

रत्नागिरीत डॉक्टरांनी आधी एक थेंब टाकला. क्षणभर चुरचुरले आणि अर्ध्या मिनिटात दुखणे गायब! मग नारिंगी रंग घालून निळा प्रकाश टाकला, तसा बुबुळावरचा ओरखडा हिरवागार चमकला. बायकोने तोही यंत्रातून पाहून घेतला.

"डॉक्टर, ती पहिली बाटली तेवढी लिहून द्या."

"ती सोडून सगळं देतो."

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण मज्जातंतूंनी खच्चून भरलेला. म्हणून एवढ्याशा ओरखड्याचा एवढा बोभाटा. बधिर करणारा थेंब पंधरा-वीस मिनिटे टिकतो. तो सारखा टाकत राहिले, तर जखम भरत नाही, उलट चिघळते. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, तेव्हापासून हे सुख डॉक्टरांच्याच ताब्यात आहे. पट्टीही मिळाली नाही. पाल्याच्या जखमेत बुरशीची भीती, म्हणून झाकायचे नाही आणि स्टिरॉइडचे थेंब मनाने आणायचे नाहीत.

मिळाले ते असे: जंतू मारणारा एक, ओलावा देणारा एक आणि बाहुली मोठी करून आतल्या स्नायूची उबळ सोडवणारा एक. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर. प्रत्येकाचा एकच थेंब पुरतो, कारण डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते. बायकोचा दुसरा थेंब गालावर जाई, तिसरा मिशीवर. डोळ्यातले औषध नाकामार्गे घशात उतरते, हे सोलकढी कडू लागल्यावर समजले.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा आम्ही दोन थेंबांच्या मधल्या वेळेत उरकला. भाट्ये किनाऱ्यावर विस्फारलेल्या बाहुलीला ऊन सोसेना. तिथे एक गृहस्थ वाळू गेलेला डोळा कराकरा चोळत होते. मी त्यांना थांबवले आणि स्वच्छ पाण्याने धुण्यापासून बुरशीपर्यंत सगळे समजावले.

ते भारावून म्हणाले, "डॉक्टर का आपण?"

बायको म्हणाली, "छे हो. कालपासून पेशंट."