एक कलम, दोन फोन

आमचा भाचा लॉकडाउनमध्ये पुण्याहून रत्नागिरीला आला तो परत गेलाच नाही. कंपनी म्हणाली घरून काम करा. ताईच्या घराला माडी आहे, माडीवर वारा आहे, खाली स्वयंपाकघर आहे. मग जातोय कशाला? गावानं पहिली दोन वर्षं त्याला नोकरी सुटलेला धरलं. भर दुपारी घरात दिसणारा तरणा मुलगा आणि महिन्याच्या महिन्याला पगार, हे गणित मारुती मंदिरच्या नाक्यावर अजून सुटलेलं नाही. कुणी विचारलं, "काय करतोस रे दिवसभर?" तर तो सांगतो, "मोबाइलची अ‍ॅप बनवतो." यावर विचारणारा खिशातला फोन काढून त्याच्या हातात देतो. "मग ह्याचा आवाज बारीक येतो, तेवढं बघ जरा."

त्याचं काम मला समजलं ते असं. जगातले फोन मुख्यतः दोन जातींचे, अँड्रॉइड आणि आयफोन. दोघांची भाषा वेगळी, शिस्त वेगळी. रीतसर जायचं तर अँड्रॉइडचं अ‍ॅप कॉटलिनमध्ये लिहायचं आणि तेच पुन्हा स्विफ्टमध्ये आयफोनसाठी. म्हणजे दोन माणसं, दोन पगार आणि एकच चूक दोनदा दुरुस्त करायची. भाचा ते करत नाही. तो फ्लटर नावाचं साधन वापरतो, डार्ट भाषेत एकदाच कोड लिहितो आणि त्यातूनच दोन्ही फोनांची अ‍ॅप काढतो. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर फुकटात आंब्याची दुसरी पेटी मिळाल्याचा आनंद होता.

हे स्वप्न जुनंच आहे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं जावा भाषा आणली ती 'एकदा लिहा, कुठेही चालवा' अशी दवंडी पिटतच. लिहिणाऱ्यांनी लवकरच तिचं 'एकदा लिहा, सगळीकडे दुरुस्त करत बसा' असं करून टाकलं. पुढे फेसबुकनं मोबाइल अ‍ॅपच्या आत वेबपानंच दाखवून पाहिली. ते इतकं अंगाशी आलं की २०१२ साली मार्क झुकरबर्गनं ती कंपनीची सर्वांत मोठी चूक होती, असं चारचौघांत सांगितलं. त्याच फेसबुकनं २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह काढलं. गुगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली डिसेंबर २०१८ मध्ये. दर काही वर्षांनी कुणीतरी उठतं आणि म्हणतं, आता एकाच कोडमध्ये सगळं. मंडळी टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी आयफोनवर बटण सापडत नाही.

रत्नागिरीच्या माणसाला खरं तर यात नवल वाटायला नको. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल, याची खात्री नसते. म्हणून रायवळीच्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतात. बागेतली शेकडो झाडं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. पोर्तुगिजांच्या काळापासून चाललेला हा एकाच कोडचा कारभार आहे! पण काडी तीच असून आंबा तोच येतो का? देवगडवाल्याला विचारा, रत्नागिरीवाल्याला विचारा, आणि दोघांना एकाच वेळी विचारू नका. हीच काडी कर्नाटकात लागते, गुजरातेत वलसाडकडे लागते. कोकणातल्या काड्या आफ्रिकेत मलावीलाही गेल्या, आणि तिथले ऋतू उलटे असल्यामुळे तो हापूस आता ऐन थंडीच्या तोंडावर वाशीच्या बाजारात उतरतो. दिसायला हापूस, वासाला हापूस. फक्त तोंडात गेल्यावर आमचे आबा डोळे मिटून थोडा वेळ गप्प बसतात आणि मग म्हणतात, "बरा आहे." कोकणात 'बरा आहे' याहून वाईट शेरा नाही.

आबा म्हणजे ताईचे सासरे. बाग त्यांची. मुंबईपुण्याच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना ते वर्षानुवर्षं वहीत नोंद करून पेट्या पाठवतात. नातवानं ठरवलं की या वहीचं अ‍ॅप करायचं. मला त्यात टेस्टिंगला बसवलं, कारण ज्याला काही कळत नाही असा माणूस टेस्टिंगला उत्तम, असं त्याचं मत आहे.

पहिल्याच दिवशी बटणावर 'पटा मागवा' आलं. मी म्हटलं, आपण पट्टे कधीपासून विकायला लागलो? भाचा स्क्रीनला नाक लावून बसला. त्यानं लिहिलं होतं 'पेटी मागवा'. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशोबानं बांधलेली. आपली अक्षरं शिरोरेघेच्या वरही संसार मांडून बसतात, याचा विचार नव्हता. मात्रा आणि वेलांटी दोन्ही वरून छाटल्या गेल्या. चार आकडे बदलल्यावर त्याच्या फोनवर पेटी परत आली. मग पुण्याला माझ्या मेव्हणीला फोन केला. आयफोन बाळगणारी आमच्या खानदानात ती एकटीच, त्यामुळे त्या महिन्यात तिला फार मान होता. ती म्हणाली, "बाकी ठीक आहे रे, पण माघारी कसं यायचं?" अँड्रॉइडवाल्याला मागे जायची खूण खालच्या पट्टीत लागते. आयफोनवाला डाव्या कडेवरून बोट सरकवतो किंवा वरच्या कोपऱ्यात बाण शोधतो. भाच्यानं कोपऱ्यातला बाण काढून टाकला होता, आणि एका पानावर तर बोट सरकवूनही काही होईना. मेव्हणी दहा मिनिटं 'हापूस, पाच डझन' या पानात अडकून पडली होती.

तारखेची गंमत त्याहून मोठी. पेटी कधी हवी, ते गिऱ्हाइकानं निवडायचं. अँड्रॉइडवर महिन्याचं कॅलेंडर उघडतं, भिंतीवरच्यासारखं. आयफोनच्या लोकांना फिरणाऱ्या चक्रांची सवय. दिवसाचं एक, महिन्याचं एक, वर्षाचं एक. मेव्हणीनं अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवसाची तारीख फिरवताना तिसरं चक्रही थोडं फिरलं. वहीत नोंद झाली ती पुढच्या वर्षाची. आबा खूश झाले. इतक्या लवकर बुकिंग त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं.

हे असं का होतं, हे भाच्यानं मला आमच्याच भाषेत सांगितलं. "मामा, तू कलम म्हणतोस ना, ते रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. कोड एक, पण खाली मूळ त्या त्या फोनचं. बटण फोनच्याच घरचं. फ्लटर म्हणजे कुंडीतलं झाड. आपली माती आपण घेऊन फिरतो. फोनकडे फक्त कोरा पडदा मागायचा आणि बटणापासून अक्षरापर्यंत सगळं स्वतः रंगवायचं." म्हणून फ्लटरचं अ‍ॅप दोन्हीकडे हुबेहूब सारखं दिसतं, आणि नेमकं तेच कुणाला तरी परकं वाटतं. मग कोडमध्ये 'आयफोन असेल तर असं, नसेल तर तसं' अशा ओळी शिरतात. त्या एकच कोडच्या फाइली मी पाहिल्या आहेत. आमच्या सामायिक घरासारख्या: दार एक, चुली दोन.

आयफोनचं अ‍ॅप बांधायला मॅक कॉम्प्युटरच लागतो, हे आबांना पटवणं अवघड गेलं. लॅपटॉप आहे ना घरात? आहे, पण तो चालत नाही. मग जुना मॅक मिनी आला; डब्याएवढा, रुपेरी, ना पडदा ना बटणं. त्यावर गुगलला नोंदणीचे २५ डॉलर एकदाच, अ‍ॅपलला ९९ डॉलर दर वर्षी. "दर वर्षी? खंड आहे की काय?" आबांनी विचारलं. भारतात शंभरातले नव्वदांहून अधिक फोन अँड्रॉइडचे. हा खंड कुणासाठी भरायचा? तर पेट्या आठवणीनं आणि भाव न विचारता मागवणाऱ्यांपैकी बरेच जण नेमके उरलेल्यांत असतात. आबांनी वही चाळली, दोन नावांवर बोट ठेवलं आणि पैसे दिले.

आबांना खरं तर हा व्यवहार नवा नाही. झाडावरून आंबा एकाच घळानं उतरतो, पण पुढे देश बघून त्याची तऱ्हा बदलते. अमेरिकेनं २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरण करून आणण्याच्या अटीवर. त्यासाठी वाशीला पणन मंडळाचं केंद्र आहे. जपानला बाष्पाची उष्णता दिलेला आंबा लागतो. युरोपनं २०१४ मध्ये फळमाशीमुळे बंदी घातली, पुढच्या वर्षी उठवली, आणि तिकडच्या आंब्याला गरम पाण्याची अंघोळ आली. बाग एक, आणि शेवटचा हात प्रत्येक बाजाराचा वेगळा. भाच्याच्या धंद्यात त्याला बिल्ड म्हणतात.

एअरबीएनबी या बड्या कंपनीनं दोन वर्षं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरून २०१८ मध्ये ते सोडायचं जाहीर केलं आणि दोन्ही फोनांसाठी वेगवेगळं लिहायला घेतलं. इंटरनेटवरचे जाणकार अजून हा दाखला देतात. देऊ देत. त्यांच्याकडे दोन फौजा होत्या. आमच्याकडे माडीवर एक पोरगा, आणि पहिल्या वळवाला जाणारी लाइट. त्याला दोनदा लिहायला लावलं असतं तर अँड्रॉइडचं अ‍ॅप झालं असतं आणि मेव्हणी पुन्हा फोनवर डझनाचा भाव विचारत बसली असती. एका कोडमध्ये सगळं शंभर टक्के जमत नाही, हे कबूल. पण एकट्या माणसाला दोन दारांत उभं राहायची सोय झाली, एवढ्यासाठी मी त्याचे दहा दोष पोटात घालीन.

अ‍ॅप सुरू झालं, पाचसहा ऑर्डरीही आल्या. तेव्हा आबांनी आपला बटणांचा जुना फोन पुढे केला. "माझ्यात कुठे दिसतंय?" या तिसऱ्या जातीचा विचार ना फ्लटरनं केला होता, ना भाच्यानं. शेवटी त्यानं वेगळाच तुकडा लिहिला: ऑर्डर आली की आबांना मराठीत एसएमएस जाईल. संध्याकाळी पहिला गेला. 'ठाण्याला दोन पेट्या, शुक्रवारी.'

त्या फोनात देवनागरी नव्हती. प्रत्येक अक्षराच्या आणि काना-मात्रेच्या जागी एकेक चौकोन उमटला. आम्ही खाली उतरलो तेव्हा आबा चष्मा लावून ओटीवर बसले होते, बोटानं एकेक चौकोन मोजत होते, आणि गड्याला ओरडून सांगत होते, "अरे, पेंढा आण आणखी! विसाच्या वर झाल्या, अजून मोजतोय!"