फार्महाऊसचा बंदोबस्त

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत चोरीपासूनच्या बंदोबस्ताचे दोन वर्ग पडतात. माणिकडोह, डिंभे अशा धरणांच्या बाजूला शहरातल्यांचे फार्महाऊस उठले की आधी कुंपण येते, मग सीसीटीव्ही, मग पहारेकरी; शनिवार-रविवार सोडला तर हा सारा बंदोबस्त रिकाम्या खोल्यांची राखण करतो. शेजारच्या शेतकऱ्याची मोटर मात्र नदीकाठी उघड्यावर. चोर केबल कापतो, जाळतो आणि आतले तांबे भंगारात विकतो. रोहित्र फोडले तर तेलही जाते आणि अख्ख्या शिवाराचे पाणी थांबते. पंचनाम्यात केबल मीटरमध्ये मोजली जाते. पाण्याविना सुकलेल्या कांद्याला त्यात रकाना नसतो.

गावात कायद्याचा माणूस म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्याला गुन्ह्याची खबर देण्याचे काम दिले. खबरीवर धावायचे ते नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या ठाण्यांनी, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना भीमाशंकर, शिवनेरीची गर्दीही आवरायची असते. रात्रीची नियमित गस्त उसातला बिबट्या घालतो (बिनपगारी). त्याच्या भीतीने शेतकरी घरात बसतो, चोर बसत नाही. २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला; शेतकऱ्याच्या मोटरीला पहारा मात्र मिळाला नाही. केबल गेलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी नवी विकत आणतो. तपासापेक्षा ते लवकर होते.