चिवचिवणारी ओम्नी

"काकू, दोन दिवस झाले, काकांची ओम्नी कधी जाते नि कधी येते, कळतच नाही हो. नाहीतर पाणंदीत वळली की आमच्या माजघरापर्यंत चिवचिव! विकलीत की काय?"

"विकते कशाला! पंधरा वर्षं झाली म्हणून आत्ताच पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय. दुरुस्त झाली गो एकदाची. तुझं गॅसवर काही नाही ना? मग थांब जरा गडग्याशी."

"आमच्या सासूबाई तर म्हणायच्या, शिंप्याने घरटं केलंय आत."

"घरटंही शोधलं! ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे आपण त्याच्यावरच बसतो. त्यामुळे जो तो म्हणे, आवाज खालनं येतो, इंजिनाचाच. सीट उचलून बॅटरी मारून पाहिलं. निघालं काय, तर आंब्याच्या पेट्यांतला गेल्या मोसमाचा पेंढा."

"मग गॅरेजला नाही नेली?"

"नेली की. तिथे दारात अशी गप्प, जशी पाहुण्यांसमोर आमची नात. तासभर उभी केली, हूं नाही की चूं नाही. तरी त्याने सांगून टाकलं, फॅन बेल्ट गेलाय. बदलला. परत येताना देवळाच्या उतारावर पुन्हा चिवचिव सुरू. मग म्हणाला, अल्टरनेटरचं बेअरिंग. हे तेही काढायला निघाले होते. तेवढ्यात दिवाळीला पुतण्या आला म्हणून बरं."

"तो आयटीआयवाला?"

"तोच. आल्या आल्या पान्याला हातसुद्धा लावला नाही. अंगणात गाडी उभी ठेवून यांना नुसती रेस करायला लावली. आवाज नाही. म्हणाला, काका, गाडी उभी असताना इंजिन कितीही पळवलं तरी आवाज येत नाही, म्हणजे पट्टा सुटला, अल्टरनेटर सुटला, वॉटर पंप सुटला. ते सगळे इंजिनाबरोबर फिरतात, चाकं फिरोत न फिरोत."

"म्हणजे नवा पट्टा फुकट?"

"आता बोलून उपयोग काय! जुना जपून ठेवलाय, अडीअडचणीला. मग उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, अगदी हळू. तर लागली चिवचिवायला! क्लच दाबला, सोडला, फरक नाही. ब्रेकवर नुसता पाय टेकवला, तरी फरक नाही. ब्रेकमध्ये खडा अडकला तरी असंच किरकिरतं म्हणे, पण मग ब्रेक लावल्यावर आवाज बदलतो."

"हां, म्हणून काकांच्या गाडीबरोबर तो चालत होता होय! मागच्या टायरवर खडूची रेघ पाहिली मी. म्हटलं, हे कसलं नवीन व्रत?"

"अगो, तीच तर युक्ती! रेघ एकदा खाली येऊन पुन्हा खाली येईपर्यंत किती वेळा चिवचिवतं, ते मोजत होता. चाकाच्या एका फेरीला एकदाच आवाज आला तर दोष चाकाशी, ड्रममध्ये. आमचा आवाज एका फेरीत कितीतरी वेळा. म्हणजे चाकापेक्षा जोरात फिरणारं काहीतरी. ते काय, तर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा तो लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट. ओम्नीला जोर मागच्या चाकांना, म्हणून हा शाफ्ट."

"आणि तो चिवचिवतो?"

"तो नाही, त्याच्या टोकाचे क्रॉस. अधिकाच्या चिन्हासारखा तुकडा असतो, चार टोकांना चार टोप्या, नि टोपीत बारीक पोलादी कांड्या. ग्रीस संपलं की त्या कोरड्या घासतात. चाकांना दोन्हीकडून दगड लावून खाली शिरला, तर टोपीच्या कडेला तांबडी भुकटी. गंजाची! शाफ्ट हाताने पिळून पाहिला, तर किंचित खेळ. पावसाळाभर यांना पऱ्यातून गाडी घालायची हौस ना, पाणी शिरलं आत."

"पण मग पावसात कसा नव्हता येत आवाज?"

"ओलं होतं तोवर निभावलं, सुकलं तसं बोलायला लागलं. आणि नारळाची पोती भरली की गप्प व्हायची, आठवतंय? वजनाने मागचे पाटे बसतात, शाफ्टचा कोन बदलतो. रिकामी गाडी, हळू चाल, कोरडी हवा, तेव्हाच आवाज. गॅरेजात उभी राहून कसली बोलणार ती!"

"चालवली असती तशीच, तर?"

"नको बाई. आंबा घाटात क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक सुटलं, तर ते रस्त्यात रुततं म्हणे. मी त्याच दिवशी चावी काढून घेतली. शाफ्ट सोडवायच्या आधी पोराने फ्लँजवर नि शाफ्टवर खूण करून ठेवली. होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते. व्हाइसमध्ये धरून टोप्या दाबून काढल्या. नव्या बसवताना कांडी आडवी पडू नये म्हणून किती जपत होता! कांडी आडवी पडली तर टोपी पुरती बसत नाही, नि बाहेरची खिट्टीही लागत नाही. मागचा क्रॉस बरा होता, तरी शाफ्ट उतरलाच होता म्हणून दोन्ही बदलले. पोराला चहा-पोहे घातले, मजुरी घेईना."

"आमची अल्टो सकाळी सुरू केल्या केल्या चिवचिवते हो. उभी असतानाच."

"मग तो इंजिनाकडचा, बहुधा पट्ट्याचा. चालू असताना पट्ट्याच्या खाचांवर लांबूनच थोडं पाणी उडवायला सांग. हात आत नको घालू म्हणावं, नि तुझा पदर तर मुळीच नको. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला, तर पट्टा सैल. आणि तो स्प्रेचा डबा मारू नका; तेलकट झालेला पट्टा घसरतोच."

"यांना सांगते. आणि ओम्नीला आता पुढे काय?"

"दोन्ही क्रॉस ग्रीस निपलवाले आणलेत. पाऊस संपला की ग्रीस मारायचं, एवढंच काम. ग्रीसगन विकतच घेतलीय. तुमच्या फाटकाच्या बिजागऱ्याही कुरकुरतात. पाठव कुणाला तरी, घेऊन जा."