डोंगरावर स्वच्छ वाहन कसे चढवावे: नवशिक्यांसाठी प्राथमिक सूचना

या सूचना होतकरू पर्यावरणप्रेमी, नवे नगरसेवक आणि नुकतीच विजेवरची गाडी घेऊन शेजाऱ्यांना मायलेज समजावत फिरणारे गृहस्थ यांच्यासाठी आहेत. पूर्वज्ञानाची गरज नाही. ज्यांना पूर्वज्ञान असते ते या भानगडीत पडत नाहीत.

सर्वप्रथम जागा निवडावी. जागा निसर्गरम्य हवी. जिथे डोंगर, दरी आणि सूर्यास्ताचा पॉइंट नाही, तिथल्या हवेची काळजी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. सरावासाठी माथेरान उत्तम. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली या डोंगरावर आले आणि त्यांना तो आवडला. तेव्हापासून तो ‘शोधला गेला’ असे धरतात. डोंगरावर आधीपासून राहणाऱ्यांना तो कुठे हरवलेला वाटला नव्हता, पण ते राहू द्या. समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर उंची, तांबडी माती, दाट झाडी. 4 फेब्रुवारी 2003 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने हा सगळा परिसर पर्यावरणसंवेदनशील ठरला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर इंजिनाला मज्जाव. पायथ्याच्या नेरळहून 1907 पासून येणाऱ्या छोट्या आगगाडीला डिझेलचे इंजिन असते. पण ती वारसा असल्यामुळे तिच्या धुराकडे लोक धूर म्हणून पाहत नाहीत, फोटोची पार्श्वभूमी म्हणून पाहतात.

जागा ठरली की इंधन ठरवावे. येथे नवशिके गोंधळतात. सीएनजी बरा की इथेनॉल, वीज बरी की हायड्रोजन, असे वाद घालत बसतात. माथेरानने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवलेला आहे. तिथले पर्यायी इंधन म्हणजे माणूस.

हातरिक्षेचे हे तंत्रज्ञान नीट समजून घ्यावे. दोन मोठी चाके, वर एक आसन, पुढे दांडा. एक माणूस दांडा धरून ओढतो, चढ आला की मागून आणखी एकदोघे ढकलतात. दस्तुरी ते बाजारपेठ अडीच किलोमीटरच्या आसपास. इंधनाला आयात शुल्क नाही, टाकी नाही, चार्जिंग पॉइंट नाही. चहा आणि चटणी-भाकरी पुरते. उत्सर्जन म्हणाल तर फक्त श्वास, तोही चढावरच जोरात. पावसाळ्यात घसरण होते, गुडघे जातात, कंबर जाते, पण हे सुटे भाग बदलून देण्याची जबाबदारी कोणत्याही उत्पादकावर नसल्यामुळे देखभालीचा खर्च मालकाच्या हिशेबात दिसत नाही. परवानाधारक हातरिक्षा 94. वाहनमुक्त, प्रदूषणमुक्त, रम्य गिरिस्थान अशी जाहिरात करताना ही आकडेवारी छापायची नसते.

प्रवाशानेही थोडा सराव करावा. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाने दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर जोर टाकून बसायचे आणि त्याच वेळी शुद्ध हवा छातीत भरून घ्यायची, हे एकदम जमत नाही. नजर झाडांवर ठेवावी. ओढणाऱ्याच्या पाठीकडे पाहू नये. माकडे दिसली की मुलांना दाखवावीत. उतरल्यावर ठरलेल्या भाड्यात घासाघीस करू नये, असे मी सुचवतो. पण हा सल्ला पाळणारे पर्यटक विरळाच.

घोडा हे दुसरे पर्यायी इंधन. माथेरानात परवान्याचे घोडे साडेचारशेच्या घरात आहेत. माणसे, सामान, विटा, गॅसचे सिलिंडर, सगळे त्यांच्या पाठीवरून जाते. उत्सर्जन घन स्वरूपात होते आणि रस्त्यावरच राहते. उन्हाळ्यात त्यावर तांबडी धूळ बसते, मग दोन्ही मिळून हवेत उडतात. घोड्यांवर घरे चालतात. म्हणून विजेवरच्या रिक्षेचे नाव निघाले की घोडेवाले सर्वांत आधी विरोधाला उभे राहतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही राहिलो असतो. नवशिक्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. स्वच्छ वाहनाला विरोध करणारा माणूस अडाणी असतो, ही पहिली चूक. बहुधा त्याला हिशेब चांगला येत असतो.

आता विजेवरची रिक्षा आणायची असेल तर दुकानात जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयात जावे. ओढणाऱ्यांच्या बाजूने पाठपुरावा करायला एखादे निवृत्त शिक्षक पाहावेत; माथेरानात तसे होते. मे 2022 मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. डिसेंबर 2022 मध्ये सात ई-रिक्षा धावू लागल्या. शाळेची पोरे दप्तर घेऊन त्यात बसली, म्हातारी माणसे बसली, पर्यटक तर बसलेच. तीन महिने सगळे सुरळीत चालले. एखादा प्रयोग यशस्वी झाला की तो बंद करायचा असतो, हा शासकीय विज्ञानाचा मूलभूत नियम येथेही पाळला गेला. मुदत संपली, रिक्षा थांबल्या, आणि माणसे पुन्हा दांड्याला लागली. 2024 मध्ये त्या परत सुरू झाल्या, पण संख्या वीसपर्यंतच.

वीस आणि 94. ही वजाबाकी तिसरीतल्या मुलाला येते, समित्यांना वेळ लागतो. वीस रिक्षा मिळणार कोणाला? न्यायालयाचे म्हणणे होते की ज्यांच्या हातातला दांडा काढून घ्यायचा त्यांनाच द्याव्यात. प्रत्यक्षात वाटपावरून तक्रारी झाल्या, चौकशी झाली, प्रकरण पुन्हा वर गेले. स्वच्छ वाहनांच्या धोरणात सगळ्यात अस्वच्छ भाग नेहमी परवान्याचा असतो. बॅटरी, मोटर, चढाचा कोन हे अभियंते सोडवतात. परवाना कोणाच्या नावावर आणि गाडी चालवतो कोण, हे कोणत्याही कॅटलॉगमध्ये लिहिलेले नसते.

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा ही प्रथा अमानवी असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पंजाबातल्या रिक्षाचालकांच्या खटल्यात याच न्यायालयाने साडेचार दशकांपूर्वी दिलेल्या निकालाची आठवण करून दिली. गुजरातेतल्या केवडियाचा दाखला दिला, जिथे स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात. खरे हातरिक्षावाले कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या सनियंत्रण समितीने ठरवावे, रिक्षा किती लागतील ते जागेवरची गरज पाहून ठरवावे, उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिलांना आणि इतरांना द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याने सांगू नये, असेही बजावले. शेवटचे कलम लिहिताना न्यायमूर्तींना राज्यकारभाराचा दांडगा अनुभव असला पाहिजे.

मध्येच रस्त्याचा एक धडा. लहान आहे. तांबड्या मातीत पावसात चाके रुततात म्हणून पेव्हर ब्लॉक टाकावेत; ब्लॉक टाकले की ते पर्यावरणाला घातक म्हणून विरोध करावा; मग निकाल घ्यावा. निकाल असा: दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील, आतल्या वाटा आणि पायवाटांवर नाहीत. इतका शहाणा तोडगा काढायला इतकी वर्षे का लागली, हे विचारू नये.

यानंतरचा धडा प्रगत अभ्यासक्रमात मोडतो, पण नवशिक्यांनीही डोकावून पाहावे. वरचे अडीच किलोमीटर स्वच्छ झाले असे समजा. खाली काय? नेरळहून दस्तुरीपर्यंतचा घाट शनिवार-रविवारी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणाऱ्या मोटारींनी आणि माणसे कोंबलेल्या टॅक्सी-व्हॅनांनी भरतो. वाहनतळ भरला की रांग घाटात उतरते आणि रांगेत एसी चालू ठेवून इंजिने तशीच जळत राहतात. आपण देवघर पुसतो आणि उंबऱ्याबाहेर कचरा जाळतो. खरे तर विजेच्या गाडीला घाट मानवतो. चढताना ती भरपूर वीज खाते हे खरे, पण उतरताना मोटर उलटी वागते, ब्रेक लावण्याचे काम करता करता जनरेटर बनते आणि खर्चलेल्या विजेतला काही भाग बॅटरीत परत टाकते. डिझेलची व्हॅन उतारावर एक थेंबही परत देत नाही, नुसते ब्रेक तापवते. ठरलेला मार्ग, ठरलेले अंतर, दोन्ही टोकांना थांबा: विजेच्या टॅक्सीला यापेक्षा सोपी परीक्षा पेपर काढणाऱ्यालाही सुचणार नाही. फक्त ती टॅक्सी जुन्या टॅक्सीवाल्याच्या नावावर, त्याला झेपेल अशा कर्जावर आली पाहिजे. नाहीतर घोडेवाल्यांचा धडा परत पहिल्यापासून.

कोणी हुशार विद्यार्थी हात वर करून विचारेल की वीज कुठून येते. त्याला खाली बसवावे. तरीही उठलाच तर खरे सांगावे: महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशाची आहे, आणि चंद्रपूरचे एकटे औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचे. म्हणजे माथेरानच्या रिक्षेचा थोडा धूर विदर्भात निघतो. चंद्रपुरात सूर्यास्ताचा पॉइंट नसल्यामुळे (पहिली सूचना पाहावी) तिथे निसर्गरम्यतेचा भंग होत नाही. यावर उपाय रिक्षा बंद करणे हा नाही. छपरांवर सौर पट्ट्या बसवणे हा आहे, आणि बाजारपेठेतल्या हॉटेलांना छपरे आहेत. विजेची मोटर चाकापर्यंत जितकी ऊर्जा पोचवते तितकी पेट्रोलचे इंजिन पोचवू शकत नाही, बरीचशी उष्णता म्हणून उधळते. त्यामुळे कोळशाची वीज धरूनही हिशेब सहसा विजेच्या बाजूनेच झुकतो. पण चंद्रपूरच्या माणसाने हा हिशेब मागितला तर तो त्याला तोंडावर देता आला पाहिजे.

आता प्रात्यक्षिक. न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारी 2026 ची होती. पुढच्या वेळी माथेरानला जाल तेव्हा नेरळपर्यंत लोकलने जा. वर छोटी गाडी मिळाली तर बघा, पावसाळ्यात मात्र ती नेरळपासून नसते, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून पुढेच असते. दस्तुरीला ई-रिक्षेची रांग मोठी असेल तर चालत सुटा, पाऊण तासाच्या आत बाजारपेठ येते. बॅग मात्र स्वतःला उचलवेल एवढीच भरा. आणि रिक्षा मिळाली तर चालकाला एवढे विचारा: गाडी कोणाच्या नावावर आहे?