चोर सोडून संन्याशाला

स्पॅम फिल्टरच्या चुका दोन प्रकारच्या असतात. नको तो मेल आत येतो ही पहिली. हवा तो स्पॅमच्या कप्प्यात पडतो ही दुसरी. पहिलीने वैताग येतो, दुसरीने निविदेची मुदत टळते. अ‍ॅडमिनकडे तक्रारी मात्र पहिलीच्याच फार, कारण मेल आला नाही हे कळायला तो येणार होता हे माहीत असावे लागते.

दुरुस्तीची सुरुवात हेडर वाचण्यापासून होते. स्पॅमअसॅसिन हा फिल्टर प्रत्येक मेलला नियमांनुसार गुण देतो आणि कोणत्या नियमाने ते दिले हे हेडरमध्ये नोंदवतो. मूळ मांडणीत 5 गुण मिळवणारा गुन्हेगार. नियमच वेडा निघाला तर काय होते, हे 1 जानेवारी 2010 रोजी दिसले. मेलवरची तारीख फार पुढची असेल तर संशय घ्यावा, असा एक नियम होता आणि ‘फार पुढची’ म्हणजे 2010 पासूनची. वर्ष उजाडले आणि ज्याचे घड्याळ बरोबर, तो प्रत्येक जण संशयित ठरला. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीसाठी आधीच झाली होती. वापरातल्या आवृत्तीपर्यंत ती सरकारी फायलीच्या चालीने निघाली होती. ज्यांनी हेडर वाचले त्यांनी त्या नियमाचे गुण शून्य केले. एका ओळीचे काम.

नियमांखेरीज फिल्टरला शिकवावेही लागते. स्पॅमअसॅसिनचा बेझियन भाग 200 चांगले आणि 200 वाईट मेल पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही. एवढा संयम शिकवणाऱ्यांत नसतो. स्वतः टिचकी मारून मागवलेले बातमीपत्र कर्मचारी स्पॅम ठरवतो, त्यापाठोपाठ हजेरीचे परिपत्रकही. फिल्टर बिचारा प्रामाणिकपणे शिकतो.

मग साहेबांचा हुकूम येतो: आपल्या डोमेनचे सगळे मेल थेट आत सोडा. हुकूम तत्परतेने पाळला जातो. पाठवणाऱ्याच्या रकान्यात कुणाचेही नाव लिहिता येते, ही गोष्ट साहेबांना सांगण्याची प्रथा नाही. त्यामुळे ‘मीटिंगमध्ये आहे, रक्कम तातडीने पाठवा’ हा साहेबांच्या नावाचा मेल सन्मानाने लेखा विभागात पोहोचतो. सूट द्यायचीच तर पाठवणारे डोमेन खरे आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ किंवा डीकेआयएम तपासणीत उतरलेल्या मेललाच द्यावी. तशी सोय स्पॅमअसॅसिनमध्ये आहे आणि ती वापरायला साहेबांची सही लागत नाही.

काही वेळा फिल्टर निर्दोष असतो. दिवसाला 5,000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून जीमेल फेब्रुवारी 2024 पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींची मागणी करते. ती पुरी न करणाऱ्याचे मेल अडले, तर समोरच्या अ‍ॅडमिनला फोन करून काही साधत नाही. तरी फोन त्यालाच येतो.

जीमेलमधले स्पॅम 30 दिवसांनी आपोआप पुसले जाते. ‘तो मेल शोधून द्या’ ही विनंती साधारणपणे त्यानंतर येते.